काटेकाका आणि गप्प देवाचं गाणं

काटेकाकांचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नव्हता. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली होती. काट्याच्या पारड्याखाली चुंबक चिकटवणारे, वजनाच्या पोटातलं शिसं काढून घेणारे, कापड मोजताना पट्टी हळूच अंगठाभर मागे सरकवणारे, असे नाना नमुने त्यांनी पकडले होते. त्यातून त्यांनी एकच धडा घेतला होता : जो दुकानदार माप घालताना फार गोड बोलतो, त्याचं माप आधी बघावं. पुढे ते निवृत्त झाले, खुर्ची सुटली, शिक्का खात्यात जमा झाला. नजर तेवढी जमा करायची राहून गेली. बेकरीतून पाव घेतला तरी ते तो तळहातावर तोलून बघत. कुणी "कसे आहात?" असं विचारलं तरी याच्या मनात काय असेल म्हणून क्षणभर थांबत आणि मग "ठीक" म्हणत. लोक पाठीमागे त्यांना काटेकाका म्हणायचे. हळूहळू तोंडावरही म्हणू लागले, आणि काकांनी ते चालवून घेतलं.

अशा माणसाला चर्चने गाणी तपासायला बसवलं.

त्याचं असं झालं, की तरुण पोरांनी उपासनेत गिटार आणि ड्रम आणले आणि दर रविवारी पडद्यावर एक नवं गाणं झळकू लागलं. कुठून यायचं, कुणाचं असायचं, कुणी विचारलं नाही. एकदा सगळ्या मंडळीने डोळे मिटून, हात वर करून एक गाणं भक्तिभावाने गायलं, आणि घरी जाताना एका आजीबाईंनी शंका काढली की यात प्रभूचं नाव कुठे होतं? शोधलं तर खरंच नव्हतं. एखाद्याने ते आपल्या प्रेयसीला म्हणून दाखवलं असतं तरी ती खूश झाली असती. पाळकसाहेब हादरले. त्यांनी तिघांची समिती नेमली : सिद्धांत स्वतः पाळकसाहेब बघणार, संगीत पियानोबाई बघणार आणि शब्द काटेकाका बघणार. पियानोबाई म्हणजे शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. चर्चचा पियानो त्या दुसऱ्या कुणाला वाजवू देत नसत. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी काकाच बघत आणि बाकीचे दोघं त्यांच्याशी भांडत.

ओळखीपाळखीने काही पास होऊ नये म्हणून गाण्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसे. नाव नसलं तरी ते कुणाचं हे पहिल्या दोन सुरांतच सगळ्यांना कळायचं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार होता, पण नियम तो नियम.

काकांनी तपासणीची स्वतःची पद्धत बसवली होती. ते गाणं आधी कोरडं वाचत. कोरडं म्हणजे चालीशिवाय, किराणा मालाची यादी वाचावी तशा आवाजात. "चाल म्हणजे दुकानदाराचं गोड बोलणं," ते सांगत. "ते चालू असताना माप बघायचं नसतं. चाल बाजूला काढा, आणि मग पारड्यात काय उरतं ते बघा." बऱ्याच गाण्यांचं काहीच उरत नसे. एकात 'मी' इतक्यांदा आला होता, की "हे देवाचं स्तवन आहे की याचा नोकरीचा अर्ज?" असा शेरा काकांनी मारला. ते पोरगं नंतर महिनाभर चर्चमध्ये फिरकलं नाही. काकांना वाईट वाटलं नाही. खोटं वजन जप्त केल्यावर दुकानदार रुसतोच, त्याला इलाज नसतो.

हे कोरडं वाचन स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हायचं. समोर काकू भाजी निवडत किंवा चिरत असायच्या. काका मोठ्याने वाचत, काकू ऐकत की नाही ते कळत नसे, आणि वाचून झालं की काका कागदाची घडी घालून म्हणत, "नापास." एवढंच त्या घरातलं दिवसभराचं संभाषण असायचं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

घर असं नव्हतं पूर्वी. काकू आणि त्यांची मुलगी, दोघी चर्चच्या गायनमंडळात होत्या. घरात एकीने ओळ सुरू करायची आणि दुसरीने मोरीतून किंवा गच्चीवरून ती उचलायची, असा खेळ दिवसभर चाले. काका वर्तमानपत्राआडून "अरे, माणसाला बातमी तरी वाचू द्या" म्हणत आणि तीच बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचत, कारण त्यांचे कान तिकडे असत. मग मुलगी आजारी पडली आणि त्या आजारातच गेली. त्यानंतर काकूंनी गाणं सोडलं. गायनमंडळ सोडलं ते सोडलंच. उपासनेत सगळी मंडळी उभी राहून गायची तेव्हा काकू काकांच्या शेजारी ओठ मिटून उभ्या राहायच्या. मुलीची खोली बंद झाली आणि तिचं नाव घरात निघेनासं झालं. काकूंनी पुन्हा गावं असं काकांना फार वाटे. जगात त्यांना दुसरं काही नको होतं म्हटलं तरी चालेल. पण हे काकूंना सांगावं कसं, ते त्यांना जमलं नाही. दर रविवारी ते शेजारच्या ओठांकडे तिरप्या नजरेने बघत, काटा हलतो का ते बघावं तसे, आणि घरी येत.

अशात ते गाणं आलं.

काकांनी नेहमीप्रमाणे चष्मा लावला, ते खाकरले आणि कोरडं वाचायला लागले.

"दार उघडं ठेवलंय मी, वारा येतो, तू येत नाहीस. तू गप्प आहेस, मीही गप्प, बसलोय दोघं एका घरात. बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण देवा, उठून जाऊ नकोस."

काकूंची सुरी थांबली.

काकांनी मान वर केली नाही, पण ऐकलं. आयुष्यभर ज्याने दुकानदाराच्या हाताची हालचाल बघितली, त्याला सुरी थांबलेली कळत नाही असं होईल का? ते पुढचं कडवं वाचत गेले. सुरी बराच वेळ तशीच राहिली आणि मग पुन्हा चालू झाली, जरा जोरात. काकांच्या मनात पाल चुकचुकली. हिने हे आधी ऐकलंय. समितीपुढे यायच्या आधी हे गाणं माझ्या घरात आलंय.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं. काकूंना त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

"तुम्ही तपासताय ना," काकू म्हणाल्या आणि चिरलेली भाजी घेऊन ओट्याकडे वळल्या.

गाणं कुणाचं हे कळायला काकांना वेळ लागला नाही. सोबत मोबाइलवर आलेल्या चालीत गिटार होती, आणि ती गिटार वायरमनची होती. वायरमन म्हणजे चर्चमधलाच एक तिशीच्या आतला पोरगा. दिवसा इमारतींमध्ये वायरी ओढायचा आणि रविवारी तारा छेडायचा. काकांना तो कधीच पसंत नव्हता. एक तर तो गाताना डोळे मिटायचा. दुसरं म्हणजे तो फार नम्र होता, आणि नम्र माणसाकडे काकांनी नेहमीच जरा जास्त बारकाईने बघितलं होतं. आणि तिसरं, जे आता आठवून काका ताठ बसले : मध्यंतरी काका पेन्शनच्या कामाला गेले असताना हा घरी येऊन गेला होता, दिव्याचं काहीतरी दुरुस्त करायच्या निमित्ताने. निमित्ताने हा शब्द काकांनी मनातल्या मनात दोनदा म्हटला. वशिला लावायला आला असणार. काकूंना आधीच ऐकवून ठेवलं असणार, म्हणजे घरातून शिफारस होईल.

समितीची बैठक चर्चमागच्या खोलीत व्हायची, जिथे जुने बाक आणि नाटकाचे पडदे ठेवलेले असत. पियानोबाईंनी चाल वाजवून दाखवली आणि हात मांडीवर ठेवले.

"मला आवडली," त्या म्हणाल्या. "साधी आहे, पण खोटी नाही."

"चारच कॉर्ड आहेत," काका म्हणाले. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे सूर हे त्यांना समितीत आल्यावर कळलं होतं, पण मोजायला त्यांना आवडे.

"काका, चार भिंतींच्या घरात माणसं जन्म काढतात."

"आणि शेवटी तीच ओळ किती वेळा? म्हणत राहा, म्हणत राहा. लोकांचे डोळे मिटेपर्यंत. डोळे मिटले की माप कोण बघतंय?"

पाळकसाहेब मध्ये पडले. ते स्वभावाने असे, की दोघं भांडली की त्यांना दोघांचंही पटायचं. "काकांचं म्हणणं बरोबर आहे, बाईंचंही चूक नाही. सिद्धांताचं काय वाटतं?"

काका याचीच वाट बघत होते. "सिद्धांत? यात क्रूस नाही, क्षमा नाही, कृपा हा शब्द औषधालाही नाही. ते एक वेळ जाऊ द्या. पण देव गप्प? देव बोलला म्हणून तर हे जग झालं. मग गप्प देव कुठून आणला यांनी? आणि वर काय म्हणतो, उठून जाऊ नकोस. देव काय पाहुणा आहे, चहा घेऊन उठून जायला?"

"जुन्या स्तोत्रांतही लोक विचारतात की देवाला, कुठे आहेस म्हणून," बाई म्हणाल्या.

"विचारतात. पण शेवटी स्तुतीवर येतात. हे येतच नाही."

"एक स्तोत्र येत नाही. अंधारावरच संपतं ते."

"एकावरून नियम होत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला.

हे नवीन होतं. काका गाणं पास करत किंवा नापास करत. दुरुस्त कधी करत नसत. पण हे गाणं सरळ नापास करायला त्यांचा हात का कोण जाणे धजला नव्हता. सुरी थांबली होती, ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून त्यांनी रात्रभर विचार करून ओळी बदलून आणल्या होत्या. त्यांनी त्या कोरड्या आवाजात वाचल्या : "तू बोलतोस, मी ऐकत आहे, आनंद आहे माझ्या घरात. बोलत राहा तू असाच देवा, तू मला कधी सोडत नाहीस."

"मात्रा बसतात," बाई नाइलाजाने म्हणाल्या.

"सिद्धांतही बसतो," पाळकसाहेब सुटल्यासारखे म्हणाले. "चांगलं केलंत काका. लिहिणाऱ्याला मी विचारतो."

दोनच दिवसांत निरोप आला, की लिहिणाऱ्याची काही हरकत नाही, काका म्हणतील तसं. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. काका मात्र आणखी बिथरले. ज्याचा माल स्वतःचा असतो तो भांडतो, हात धरतो, साहेब साहेब करत मागे धावतो. जप्तीला हूं की चूं न करणारा दुकानदार म्हणजे माल चोरीचा, हे ते डोळे झाकून सांगू शकत होते. ही ओळ पोराची नाहीच. कुठून तरी उचललीय. कुठून, ते शोधून काढायचं त्यांनी ठरवलं.

पण त्याआधी रविवार आला.

वायरमनने गिटार घेतली, पियानोबाईंनी मान हलवली आणि गाणं सुरू झालं. काका सवयीप्रमाणे पडद्यावरचे शब्द तपासत होते. आणि त्यांच्या उजव्या कानाशी एक आवाज आला. अगदी बारीक, गंजलेला, मध्येच तुटणारा. दार उघडं ठेवलंय मी. काकांनी मान वळवली नाही. वळवली तर थांबेल अशी त्यांना भीती वाटली. ते समोर बघत राहिले आणि समोरचा पडदा त्यांना दिसेनासा झाला. काकू गात होत्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही.

मग ध्रुवपद आलं. सगळ्या मंडळीने पडद्यावरचं म्हटलं, "तू बोलतोस." काकू पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी मोठ्याने म्हटलं, "तू गप्प आहेस."

पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळल्या. काकू थांबल्या. त्यांनी वर पाहिलं आणि पडद्यावरची ओळ शेवटपर्यंत वाचली, आनंद आहे माझ्या घरात, इथपर्यंत. मग त्या खाली बसल्या. सगळी मंडळी उभी होती आणि काकू एकट्या बसून होत्या, पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून. गाणं संपलं तरी त्या उठल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि त्या आत जाऊन पडल्या. आता काकांना पुरता संशय आला. एखाद्याला वाटेल की स्वतःचा आला असेल. छे! दिव्याखाली अंधार असतो तो असा. हिला मूळ ओळ पाठ होती, म्हणजे वायरमनने ती शिकवली होती. त्याने हिला काहीतरी भरवलं, चोरीच्या ओळीने हिला नादी लावलं, आणि आता ही आजारी पडली. आपणच ती ओळ टेबलाशी बसून मोठ्याने वाचली होती, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते वायरमनला शोधत निघाले. तो एका अर्धवट इमारतीत सापडला, तिसऱ्या मजल्यावर, शिडीवर उभा राहून भिंतीतल्या पाइपातून वायर ओढत. काका जिना चढून धापा टाकत उभे राहिले.

"खाली ये."

तो खाली आला. हात पँटला पुसले. "काका, तुम्ही इथे? फोन करायचा ना."

"खरं सांग. ती ओळ तुझी नाही."

"नाही," वायरमन म्हणाला.

काकांनी पुढच्या दहा प्रश्नांची तयारी केली होती. ती वायाच गेली. इतक्या झटक्यात कबूल होणारा आरोपी त्यांनी पाहिला नव्हता. "नाही म्हणजे? मग कुठून उचललीस? कुठल्या गाण्यातून?"

"गाण्यातून नाही." वायरमनने इकडे तिकडे बघितलं आणि सिमेंटची एक रिकामी गोणी उलटी घालून त्यांना बसायला दिली. काका बसले नाहीत. "तुमच्या घरातून उचलली, काका."

"काय?"

"मी दिवा दुरुस्त करायला आलो होतो ना. ताईच्या खोलीतला. काकूंनीच बोलावलं होतं. वायर आतून जळली होती, मी ती बदलत होतो आणि काकू बॅटरी धरून उभ्या होत्या. दिवा लागला आणि सगळं दिसलं. ताईचं टेबल, तिची ओढणी, तशीच. मला काय बोलावं सुचेना. मग मी आपलं आपण सगळे बोलतो ते बोललो. म्हटलं, काकू, देव बोलत असतो, ऐकत राहा." तो थांबला. "माझंच मला खोटं वाटलं. पण काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नाही रे बोलत. देव गप्प आहे, मीही गप्प आहे. बसलोय दोघं एका घरात. मी त्याला म्हटलंय, बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण उठून जाऊ नकोस."

काका आता गोणीवर बसले.

"मग तू ती ओळ बदलू का दिलीस?" त्यांनी विचारलं. आवाज दटावणीचा काढायचा होता, पण तो तसा निघाला नाही. "सांगायचं नाहीस का मला?"

"त्यांनी ते मला सांगितलं होतं, तुम्हाला नाही. मी कोण सांगणार? गाण्यात घालू का, एवढं त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, घाल, पण नाव घेऊ नकोस." वायरमन जमिनीवरचे वायरीचे तुकडे पायाने एकत्र करू लागला. "आणि म्हणाल्या, ह्यांच्यापुढे जाऊ दे ते. आमच्यात काही बोलणं होत नाही. निदान यावर ह्यांचं काय म्हणणं पडतं ते तरी मला कळेल."

काका घरी आले तेव्हा काकू टेबलाशी बसल्या होत्या. समोर काही चिरायला नव्हतं, निवडायला नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या. काका समोरच्या खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ती ओळ मी बदलली," ते म्हणाले.

"माहीत आहे. दुसरं कोण बदलणार?"

"मला माहीत नव्हतं ती तुझी आहे."

"म्हणूनच तर पाठवली." काकूंच्या आवाजात राग होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "एक विचारू? तुम्ही लिहिलंत, तू बोलतोस, मी ऐकत आहे. खरंच येतं तुम्हाला ऐकू? येत असेल तर मलाही सांगा की, काय म्हणतो तो. मी इतकी वाट बघतेय. नवऱ्याशी बोलतो आणि माझ्याशी नाही, हा कुठला न्याय?"

काकांनी चष्मा पुन्हा काढून टेबलावर ठेवला.

"आणि आनंद कुठल्या खोलीत ठेवलाय हो? मी रोज सगळं घर झाडते. मला नाही सापडला."

काकांनी तोंड उघडलं. सिद्धांत त्यांना पाठ होता, सगळी वचनं पाठ होती, कुठलं कुठे लागू होतं तेही पाठ होतं. त्यातलं एकही जिभेवर आलं नाही.

"नाही येत ऐकू," ते म्हणाले. "ती गेल्यापासून एक शब्द नाही."

"मग असं लिहिलंत कशाला?"

"गाण्यात ते बरोबर दिसतं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि काकांच्या शर्टाच्या बाहीला लागलेलं सिमेंट झटकलं. "तिसरा मजला चढलात?" त्या म्हणाल्या. "गुडघा दुखेल आता."

समितीपुढे काका या वेळी कागद न घेता गेले. ते म्हणाले, बदललेल्या ओळी मी मागे घेतो, मूळच्या होत्या तशा ठेवा. पाळकसाहेब गोंधळले. बदललेली ओळ मंडळी एकदा गाऊनही झाली होती, दोन वडीलधाऱ्यांनी तिचं खास कौतुक केलं होतं.

"पण काका, तुमची ओळ सिद्धांताला धरून आहे. चूक काय त्यात?"

"ओळीत काही चूक नाही," काका म्हणाले. "चूक माझ्यात आहे. मला देवाचं काही ऐकू येत नाही, साहेब. कित्येक दिवस येत नाही. उपासनेला येतो, उभा राहतो, जातो. आणि मी मात्र येतं म्हणून लिहून दिलं, आणि ते सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. मूळ ओळ जिने म्हटली तिने निदान खोटं बोललेलं नाही. एवढ्या अंधारातून ती त्याला देवा म्हणते आहे. मी तर तेही सोडलं होतं."

 काकांना दरदरून घाम आला होता. इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्यांना असा घाम फुटताना बघितलं होतं, आणि त्यातल्या एकाचीही कधी कीव केली नव्हती, हे त्यांना त्या क्षणी आठवलं.

"माझ्याकडे मूळचा कागद आहे," पियानोबाई म्हणाल्या. "फाडला नव्हता मी."

पाळकसाहेबांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "लोक विचारतील," ते शेवटी म्हणाले. "विचारू द्या. मी सांगेन काहीतरी." मग जरा वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दर रविवारी मी उभा राहून सांगतोच की काहीतरी."

पुढच्या रविवारी पडद्यावर मूळच्या ओळी आल्या. काही मंडळींनी त्या म्हटल्या नाहीत. एक गृहस्थ हाताची घडी घालून उभे राहिले आणि नंतर त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं. पण मागच्या बाकांवर अशीही काही माणसं निघाली, जी एरवी नुसते ओठ हलवत आणि त्या दिवशी मोठ्याने गायली. काकूंनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटलं. आवाज मध्ये दोनदा फुटला. काकांना गाता येत नव्हतं, कधीच येत नव्हतं. ते शब्द नुसते बोलत गेले, काकूंच्या जरासे मागून, आणि पडद्याकडे त्यांनी बघितलं नाही.

घरी जाताना दोघं चालत निघाली. 

"शेवटचा वरचा सूर मला पोचत नाही आता," काकू म्हणाल्या.

"बाईंना सांगतो, खाली घेतील."

"नको, राहू दे." काकू थोडं चालल्या. "तिला सहज पोचला असता."

काका थांबले. रस्त्याच्या मध्येच थांबले, आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना कडेला घेतलं.

"हो," काका म्हणाले. "तिला पोचला असता. आणि वर जाताना ती ते करायची, टाच वर उचलायची. जसा काही सूर फडताळावर ठेवलाय."

"तुम्ही बघायचात?" काकूंनी विचारलं. "तुम्ही तर पेपर वाचत असायचात."

"एक अक्षर वाचत नव्हतो," काका म्हणाले, आणि मग घर येईपर्यंत दोघं तिच्याबद्दल बोलत राहिली.